बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची गोळी

जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत आम्ही प्रतिजैविकांविषयी बोलत होतो. बोलणे संपल्यावर चहाच्या वेळी आठवीला शिकवणाऱ्या एका बाईंनी आपल्या वर्गातला एक प्रश्न आमच्यापुढे ठेवला. ‘आरोग्य व रोग’ हा पाठ चालू असताना एका मुलाने विचारले होते, “बाई, टीबीच्या गोळ्या चालू असताना दारू चालत नाही ना? आमचे बाबा बाजाराच्या रात्री पिऊन येतात. मग दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांना गोळी देत नाही. बरोबर आहे ना?”

बाईंनी उत्तर दिले होते, “बाबांना सांग, दारू फार वाईट असते.” आणि तास पुढे सरकला होता. “पण सर, त्याने विचारलं होतं गोळीबद्दल आणि मी सांगितलं दारूबद्दल,” असे त्या आम्हाला म्हणाल्या. खरे सांगायचे तर आम्हालाही तिथल्या तिथे नीट उत्तर देता आले नाही. परतीच्या एस.टी.त बसल्यावर या प्रश्नाची खोली लक्षात येऊ लागली.

“औषध चालू असताना दारू पिऊ नये.” हे वाक्य डॉक्टर सांगतात, औषध दुकानदार सांगतो, व्यसनमुक्तीच्या व्याख्यानात येते आणि शाळेतही आपण ते सांगतो. इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलेले वाक्य तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. आम्हाला ते सदोष वाटते. कसे, ते पाहू.

नववी-दहावीच्या मुलांनाही समजेल असा साधा तर्क आहे. “औषध घेत असाल तर दारू नको,” असे आपण म्हटले, तर त्यातूनच “दारू घेतली असेल तर औषध नको,” हे दुसरे वाक्य निघते. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच: दोन गोष्टी एकत्र नकोत. त्या मुलाच्या आईने नेमका हाच निष्कर्ष काढला. तर्काच्या दृष्टीने तिचे काहीच चुकलेले नाही. चूक आहे ती वाक्यात. दोहोंपैकी एक सोडायचे आहे एवढेच ते सांगते. कोणते सोडायचे आणि कोणते कोणत्याही परिस्थितीत सोडायचे नाही, याबद्दल ते गप्प आहे. सांगणाऱ्याच्या मनात ते गृहीत असते. ऐकणाऱ्याच्या घरात मात्र दारू सुटणे हे आईच्या हातात नसते, गोळी देणे हातात असते. जे हातात आहे तेच माणूस करतो.

यात आपल्याकडच्या ‘पथ्य’ या कल्पनेची भर पडते. गावात औषध घेतले की पहिला प्रश्न असतो, “पथ्य काय?” आंबट नको, तेलकट नको, वांगे नको. पथ्य आणि औषध ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की आहे की पथ्य मोडले तर औषध वाया जाते, किंवा उलटते, असे लोक मानतात. डॉक्टरांचे ‘दारू नको’ हे शब्द या साच्यात जाऊन बसतात. मग पथ्य मोडले त्या दिवशी औषध बंद ठेवणे हा निष्काळजीपणा नसतो. ती घरच्यांच्या लेखी काळजीच असते. (गंमत अशी की ‘दवादारू’ या शब्दातली दारू म्हणजे औषधच, फारसीत त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. आणि मराठीत औषधही ‘घेतात’ आणि दारूही ‘घेतात’.)

आता या वाक्यात विज्ञान किती आहे ते पाहू. आधी दारूचे शरीरात काय होते? यकृतातील एक विकर अल्कोहोलचे रूपांतर ॲसिटाल्डिहाइडमध्ये करते. हा पदार्थ चांगलाच विषारी आहे. दुसरे विकर लगेच त्याचे ॲसिटेटमध्ये रूपांतर करते आणि ते निरुपद्रवी असते. यकृत हे काम ठरावीक गतीने, तासाला साधारण ७ ते ८ ग्रॅम अल्कोहोल, या हिशेबाने करते. बाजारात मिळणाऱ्या व्हिस्की-रममध्ये आकारमानाने ४२.८ टक्के अल्कोहोल असते. १८० मिलिलिटरच्या ‘क्वार्टर’मध्ये, अल्कोहोलची घनता ०.७९ धरून, सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल येते. म्हणजे ते संपायला आठ तास लागतात. रात्री नऊला प्यायलेल्या माणसाच्या रक्तात पहाटे पाचपर्यंत थोडे तरी अल्कोहोल असते आणि सकाळी नाश्त्याच्या वेळी ते बहुतेक संपलेले असते. हे गणित वर्गात फळ्यावर करता येण्यासारखे आहे. हातभट्टीच्या दारूचे मात्र असे गणित मांडता येत नाही, कारण तिच्यात किती अल्कोहोल आहे आणि दुसरे काय आहे हे कोणालाच माहीत नसते.

आता समजा, ते दुसरे विकर बंद पाडले तर? ॲसिटाल्डिहाइड साचत जाईल. चेहरा लाल होईल, डोके ठणकेल, छाती धडधडेल, उलट्या होतील, रक्तदाब घसरेल. हे प्रथम लक्षात आले ते औषधाच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर रबर उद्योगाशी संबंधित एका अमेरिकन कारखान्यात. तिथे वापरल्या जाणाऱ्या एका गंधकयुक्त रसायनाच्या सान्निध्यात असलेल्या कामगारांना दारू अजिबात सोसत नाही, असे तिथल्या डॉक्टरांनी १९३७ साली नोंदवले. पुढे १९४०च्या दशकात येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे डेन्मार्कमधले दोन संशोधक त्याच कुळातल्या डायसल्फिराम या पदार्थाची जंतांवरचे औषध म्हणून तपासणी करत होते. त्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. नंतर मद्य घेतले तेव्हा दोघेही हैराण झाले. १९४८ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले आणि डायसल्फिराम दारू सोडवण्याचे औषध म्हणून वापरात आले. आजही ते मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन वापरतात. काही घरांत मात्र ही गोळी नवऱ्याच्या नकळत भाजीत मिसळली जाते. हा प्रकार जीवघेणा ठरू शकतो, आणि शिक्षकांच्या कानावर तो आला तर त्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगायला हवे.

“औषध आणि दारू म्हणजे विष” ही कल्पना विज्ञानात जिथे खरी आहे ती ही जागा. प्रश्न असा की प्रतिजैविकांपैकी किती औषधे या विकराला अडवतात? थोडीच. रुग्णालयात इंजेक्शनने दिले जाणारे सेफोपेराझोन हे त्यांपैकी एक. त्याच्या रेणूला जोडलेली एक विशिष्ट बाजूची साखळी हे काम करते. सेफॅलोस्पोरिन कुळातल्याच, गोळीच्या रूपात सर्रास दिल्या जाणाऱ्या सेफिक्झिमला ती साखळी नाही. एकाच कुळातली दोन औषधे, एकाला हा नियम लागू आणि दुसऱ्याला नाही. रेणूची रचना आणि त्याचे कार्य यांचा संबंध दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

जुलाबासाठी खेडोपाडी दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोलची कथा अधिक शिकवणारी आहे. १९६४ साली अमेरिकेत एका डॉक्टरांनी लिहिले की हे औषध दिलेल्या एका रुग्णाची दारूची इच्छाच गेली. त्यावरून हे औषधही डायसल्फिरामसारखे वागत असावे असा तर्क झाला, व्यसनमुक्तीसाठी ते वापरूनही पाहिले गेले, त्यातून फारसे काही निघाले नाही. पण इशारा मात्र पाठ्यपुस्तकांत आणि औषधाच्या माहितीपत्रकांत कायमचा जाऊन बसला. २००२ साली फिनलंडमधल्या संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांवर प्रयोग केला. सहा जणांना पाच दिवस मेट्रोनिडाझोल, सहा जणांना औषध नसलेली गोळी, आणि मग सर्वांना मोजून अल्कोहोल. रक्तातल्या ॲसिटाल्डिहाइडमध्ये दोन गटांत फरक आढळला नाही. कोणाला तसा त्रासही झाला नाही. बारा माणसे म्हणजे फार नव्हेत, आणि अधूनमधून कोणाला त्रास झाल्याच्या सुट्या नोंदी आहेतच. तरीही अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१च्या लैंगिक आजारांच्या मार्गदर्शिकेत, या औषधाबरोबर मद्य वर्ज्य करण्याची गरज नाही, असे म्हटले. माहितीपत्रकांवरचा इशारा सर्वत्र गेलेला नाही, आणि आपल्या डॉक्टरांनी “नको” म्हटले तर ते पाळण्यात रुग्णाचे काहीच जात नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. एका रुग्णाच्या अनुभवावरून निघालेला नियम पन्नास-साठ वर्षे चालत राहतो, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुलांना सांगायला हवे.

राहिली पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी रोजची औषधे. अमॉक्सिसिलीनबरोबर अल्कोहोल घेतल्यास औषध रक्तात जायला थोडा अधिक वेळ लागतो. एकूण किती जाते त्यात फरक पडत नाही. डॉक्सिसायक्लिन मात्र नेहमी पिणाऱ्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडते, कारण त्यांच्या यकृतातली विकरे सततच्या दारूमुळे जास्त कामाला लागलेली असतात. ‘अँटिमायक्रोबियल एजंट्स अँड केमोथेरपी’ या नियतकालिकात २०२० साली या साऱ्या पुराव्याचा आढावा आला. प्रचलित इशाऱ्यांपैकी बऱ्याच इशाऱ्यांमागचा पुरावा तोकडा असल्याचे त्यात दिसते. असे असूनही समजूत किती पक्की आहे पाहा: लंडनच्या एका लैंगिक आरोग्य केंद्रात तीनशेहून अधिक लोकांना विचारले, तेव्हा १०० पैकी ८१ जण म्हणाले की दारूमुळे प्रतिजैविक काम करेनासे होते. ही पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे पथ्याची कल्पना फक्त मराठवाड्यातच आहे असे समजायचे कारण नाही. पेनिसिलीन नवे होते तेव्हा ते इतके दुर्मीळ होते की रुग्णांच्या लघवीतून ते परत काढून घेत. बिअर प्यायल्याने लघवी वाढून हे काम अवघड होई, म्हणून सैनिकांना बिअर मना केली आणि तिथून ही समजूत सुरू झाली, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी.

आणखी एक विसंगती. जी आई गोळी आणि दारू एकत्र येऊ देत नाही, तीच गोळीच्या जोडीला शक्तीसाठी एखादे आसव किंवा अरिष्ट देते. आसव-अरिष्टांत आंबवण्याच्या क्रियेतून आपोआप तयार झालेले अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के असते. बाटलीवर ते छापलेलेही असते. दोन चमच्यांनी काही बिघडत नाही हे खरे, पण मग नियम रसायनाचा होता की लोकलाजेचा, हा प्रश्न उरतो.

इथे काही वाचक म्हणतील, तुम्ही दारूची वकिली करत आहात. तसे मुळीच नाही. “अमुक प्रतिजैविकाबरोबर बिअर चालते” अशा थाटाचा मजकूर अधूनमधून छापून येतो, तो आम्हाला तितकाच बेजबाबदार वाटतो. तापाने, जुलाबाने थकलेल्या शरीरातले पाणी दारू आणखी कमी करते, झोप मोडते, भूक मारते. आजारात दारू नकोच. पण “नको” म्हणण्याची ही कारणे गोळीच्या रेणूशी संबंधित नाहीत. ती कारणे जशी आहेत तशीच सांगावीत. खोटे कारण सांगून खरी गोष्ट पटवली, तर एक दिवस कोणीतरी पिऊनही गोळी घेतो, त्याला काहीच होत नाही, आणि मग त्याचा आपल्या सगळ्याच सांगण्यावरचा विश्वास उडतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे, म्हणजे क्षयरोगाकडे वळू. इथे दारूचा धोका खरा आहे, पण तो वेगळ्या प्रकारचा आहे. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधे; पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. यातली पहिली तिन्ही यकृतावर भार टाकतात. रोज पिणाऱ्याचे यकृत आधीच दुखावलेले असते, म्हणून त्याला औषधाने कावीळ होण्याची शक्यता जास्त. आयसोनियाझिडमुळे बी-६ जीवनसत्त्व कमी पडून हातापायांना मुंग्या येतात, आणि पिणाऱ्यांत हे जीवनसत्त्व आधीच कमी असते. तेव्हा क्षयरोग्याने दारू सोडावी या सल्ल्याला भक्कम आधार आहे. पण त्या आधाराचा अर्थ “आज प्यायला म्हणून आज गोळी विषारी झाली” असा होत नाही. यकृताचे नुकसान हळूहळू, आठवड्या-महिन्यांत होते. त्याची लक्षणे असतात. भूक जाते, मळमळते, डोळे पिवळे होतात. तसे झाले तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून आरोग्य केंद्र गाठायचे असते. (रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-तांबडी होते, ती कावीळ नव्हे. कित्येक घरांत याच रंगाला घाबरून उपचार सुटतात.)

गोळी चुकवण्याचे परिणाम मात्र किती? हा हिशेब मुलेही करू शकतात. सहा महिने म्हणजे २६ आठवडे, १८२ दिवस. दर आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशीची गोळी चुकली तर २६ गोळ्या चुकल्या, म्हणजे सातातली एक, १४ टक्के. क्षयरोगाच्या तीन मोठ्या औषधचाचण्यांची माहिती एकत्र करून २०१८ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात दहापैकी एक किंवा अधिक मात्रा चुकवणाऱ्यांमध्ये उपचार फसण्याचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसला. म्हणजे त्या माउलीची काळजी नवऱ्याला थेट या गटात नेऊन बसवत होती. तमिळनाडूतल्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात सन २०००मधल्या रुग्णांचा जो अभ्यास झाला, त्यात दारूचे व्यसन असलेल्यांत उपचार अर्धवट सोडण्याचे प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट निघाले. यातले किती जण नशेत विसरले आणि किती जणांनी ‘पथ्य मोडले’ म्हणून गोळी टाकली, हे अशा आकड्यांतून कळत नाही. त्या मुलाच्या प्रश्नानंतर आम्हाला दुसऱ्या गटाची शंका सारखी येते.

आणि इथे या वाक्याचा सर्वांत क्रूर भाग येतो. चुकलेल्या गोळ्यांमुळे जिवंत राहिलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात. अशा प्रतिकारक क्षयरोगावर जी औषधे द्यावी लागतात त्यांत लिनेझोलिड आहे. ते घेणाऱ्याने आंबवलेली पेये, विशेषतः पिंपातली बिअर, घेतली तर तिच्यातल्या टायरामिनमुळे रक्तदाब एकाएकी चढू शकतो. पूर्वीपासून वापरात असलेले सायक्लोसेरीन घेणाऱ्याने भरपूर दारू प्यायली तर झटके येण्याचा धोका असतो. म्हणजे साध्या क्षयरोगात जे वाक्य शब्दशः खरे नव्हते, ते पाळण्याच्या नादात रुग्ण अशा अवस्थेला पोहोचतो जिथे ते खरे ठरते.

सरकारी कार्यक्रमात १९९७ पासून ‘डॉट्स’ पद्धतीने आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली गोळ्या देत. २०१७ पासून त्या रोज दिल्या जाऊ लागल्या. रोजची गोळी हा चांगला बदल होता, पण त्यामुळे ती घरात आली आणि देखरेख बरीचशी घरच्यांवर पडली. घरच्यांना आपण काय सांगितले याला म्हणूनच आता जास्त महत्त्व आहे. दिवाळीनंतर जालना-बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, तेव्हा तर देखरेख करणारे घराशिवाय कोणीच उरत नाही. निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगितले तर उपचाराची नोंद दुसऱ्या ठिकाणी बदलून घेता येते, हेही कित्येकांना माहीत नसते.

पाठ्यपुस्तकांकडे पाहिले तर २०१८ साली आलेल्या आठवीच्या विज्ञानात औषधांच्या गैरवापरावर परिच्छेद आहे, आणि त्याच वर्षीच्या दहावीच्या दुसऱ्या भागात ‘सामाजिक आरोग्य’ या पाठात व्यसनांचा विचार आहे. दोन्ही आपापल्या जागी ठीक. पण औषध एका इयत्तेत आणि दारू दुसऱ्या इयत्तेत, अशी त्यांची वाटणी झाली आहे. मुलांच्या घरी मात्र ती एकाच फडताळात असतात. औषधांच्या वेष्टनावरचे इशारे बहुधा इंग्रजीत. २०१६ साली प्रतिजैविकांच्या पट्टीवर उभी लाल रेघ ओढण्याची मोहीम सरकारने सुरू केली, पण ती रेघ म्हणजे काय हे विचारले तर किती शिक्षकांना सांगता येईल? आम्ही त्या बैठकीत विचारले होते. दोन हात वर झाले.

बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. मुलाला काय सांगावे याचा मजकूर त्यांनीच मागितला होता. आम्ही लिहिले ते असे: “गोळी रोजची रोज, कोणत्याही दिवशी चुकवायची नाही, आदल्या रात्री बाबा पिऊन आले असले तरी. बाबा पितात हे आशाताईंना किंवा डॉक्टरांना लपवू नका. ते औषध बंद करणार नाहीत, यकृताची तपासणी करतील, दारू सोडायला मदत करतील. डोळे पिवळे दिसले, जेवण जाईनासे झाले, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि दारू सुटली तर फारच चांगले.”

क्रम मुद्दाम असा ठेवला होता. बाईंचे उत्तर महिन्याने आले. मुलाने हे चार-पाच ओळींचे उत्तर वहीत उतरवून घरी नेले होते, आणि आईने त्याला एकच उलट प्रश्न विचारला होता: “मग आतापर्यंत चुकल्या त्यांचं काय?” हे विचारायला ती पुढच्या सोमवारी आरोग्य केंद्रात जाणार होती.